सशाचा डोळा आणि आमचा चष्मा

चष्मा हें एके काळीं विद्वत्तेचें किंवा वार्धक्याचें लक्षण समजलें जात असे. हल्लीं तो शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इयत्तेंतच मुलांच्या नाकावर येऊन बसतो आणि मग सहसा उतरत नाहीं. त्याचा जाच ज्याचा त्यालाच ठाऊक. पावसांत त्यावर थेंब सांचतात, चहाचा पेला तोंडाशीं नेतांच त्यावर वाफ धरते, आणि रात्रीं उशाशीं ठेवलेला चष्मा सकाळीं चांचपडत शोधावा लागतो. म्हणजे चष्मा शोधण्यासाठीं आधीं चष्मा हवा अशी स्थिति होते. मुलींच्या बाबतींत या जाचास आणखी एक सामाजिक कांटा आहे. स्थळ पाहतांना ‘मुलीला चष्मा आहे काय?’ हा प्रश्न सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनहि अद्याप विचारला जातो. अशा स्थितींत पहिला पगार हातीं पडतांच तरुण मुलें, किंवा लग्नाचा विचार मनांत येतांच त्यांचे आईबाप, लॅसिक नांवाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करूं लागतात यांत नवल नाहीं. आणि त्यांस दोष देण्याचाहि आमचा हेतु नाहीं.

परंतु सोयीच्या या पायऱ्या चढतांना त्या कशावर बांधल्या आहेत हें एकदां वांकून पाहावें, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे. त्या पायऱ्यांच्या तळाशीं, इतर पुष्कळ गोष्टींबरोबर, एक पांढरा ससा आहे, आणि त्याच्या डोळ्यांत माणसानें बुद्धिपुरःसर रोगजंतु सोडलेले आहेत. हें योग्य आहे काय, आणि योग्य असेल तर कोणत्या अर्थानें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

आधीं ही शस्त्रक्रिया म्हणजे काय तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. डोळ्याच्या पुढच्या बाजूस घड्याळाच्या कांचेसारखें जें पारदर्शक आवरण असतें त्यास डॉक्टर लोक कॉर्निया म्हणतात. आपण त्यास पारपटल म्हणूं. माणसांत त्याची जाडी मध्यभागीं सुमारें अर्धा मिलिमीटर असते. बाहेरून येणाऱ्या किरणांस वळविण्याचें बहुतेक काम हेंच पटल करतें, म्हणून त्याची वक्रता बदलली कीं चष्म्याचा नंबर बदलतो. ही कल्पना होसे इग्नासिओ बार्राकेर या स्पॅनिश नेत्रवैद्यांनीं १९४९ सालीं मांडली, आणि पुढें कोलंबियांतील बोगोटा येथें त्यांनीं पटलाची चकती कापून, ती गोठवून, लेथ यंत्रावर घांसून पुन्हां डोळ्यावर बसविण्याची रीति वाढविली. १९८१ सालच्या नोव्हेंबरांत, अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेंत काम करणारे, मूळचे मद्रासचे रंगस्वामी श्रीनिवासन यांनीं सणाच्या जेवणांतून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या अवशेषांवर एक्सायमर लेसरचे किरण सोडून पाहिले. तेव्हां आजूबाजूचा भाग न जळतां त्यांत स्वच्छ खांच पडली. १९८३ सालीं नेत्रवैद्य स्टीव्हन ट्रोकेल यांच्यासह त्यांनीं जनावरांच्या काढून घेतलेल्या डोळ्यांवर हेंच करून पाहिलें. त्यानंतर सुमारें सात वर्षांनीं ग्रीस देशांतील क्रीट बेटावर योआनिस पालिकारिस यांनीं दोन्हीं कल्पनांची सांगड घातली. पटलाचा वरचा पापुद्रा बिजागरीच्या झांकणासारखा उचलावयाचा, खालच्या भागास लेसरनें आकार द्यावयाचा, आणि पापुद्रा पुन्हां जागच्या जागीं बसवावयाचा, असें या लॅसिकचें स्वरूप आहे.

पापुद्रा उचलतांच जी जागा क्षणभर उघडी पडते तींतच या शस्त्रक्रियेची जोखीम आहे. एरव्हीं डोळ्यास अश्रूंचें स्नान सतत घडत असतें, आणि पटलाचा अखंड वरचा थर जंतूंस आंत शिरूं देत नाहीं. परंतु पापुद्र्याखालीं एकदां जंतु अडकला म्हणजे त्याच्यापर्यंत अश्रु पोंचत नाहींत आणि डोळ्यांत घातलेलें औषधहि कष्टानेंच पोंचतें. असा संसर्ग फार विरळ आहे. अमेरिकेंतील शल्यचिकित्सकांची जी पाहणी २००३ सालीं प्रसिद्ध झाली, तींत सुमारें २,९०० शस्त्रक्रियांमागें एक असें त्याचें प्रमाण निघालें. त्या रोग्यांत क्षयाच्या जंतूंच्या कुळांतले, पण क्षय न करणारे कांहीं चिवट जंतु ठळकपणें आढळले. हे जंतु पाण्यांत व मातींत राहतात, सावकाश वाढतात, नेहमींच्या औषधांस सहज दाद देत नाहींत, आणि रोगाचीं चिन्हें कधीं कधीं दोन-तीन आठवड्यांनीं दाखवितात. २,९०० हा आंकडा ऐकून पुष्कळांस धीर येतो; पण ज्याच्या डोळ्यांत फूल पडतें त्याच्या पुरता हिशेब एकाचाच असतो.

रोग विरळ आहे म्हणूनच तो रोग्यांत पाहून शिकणें अवघड आहे. दहा गांवचे दहा रोगी, प्रत्येकाचा जंतु निराळा, प्रत्येकाची दवाखान्यांत येण्याची वेळ निराळी. यांवरून कोणतें औषध श्रेष्ठ हें ठरावें कसें? म्हणून शास्त्रज्ञ तो रोग मुद्दाम उत्पन्न करतात. शास्त्रीय परिभाषेंत याला ‘प्राणि-प्रतिमान’ असें म्हणतात. प्रयोगाची सामान्य पद्धत अशी: न्यूझीलंड जातीच्या पांढऱ्या सशास भूल द्यावयाची, त्याच्या पारपटलाचा पापुद्रा माणसाप्रमाणेंच उचलावयाचा, खालीं जंतूंची मोजकी मात्रा ठेवावयाची आणि पापुद्रा मिटावयाचा. मग कांहीं सशांच्या डोळ्यांत एक औषध, कांहींच्या डोळ्यांत दुसरें, आणि कांहींच्या डोळ्यांत नुसतें मिठाचें पाणी ठराविक वेळीं घालावयाचें. लाली किती, सूज किती, पटल किती धुरकटलें यांस गुण देण्यांत येतात. शेवटीं सशांस मारून पटलें काढतात व तीं वाटून त्यांत किती जंतु जिवंत उरले तें मोजतात. बहुधा एकाच डोळ्यास रोग दिला जातो, म्हणजे जगेल तितके दिवस तरी तो प्राणी सर्वस्वीं आंधळा होऊं नये. ज्या सशांच्या वांट्यास मिठाचें पाणी येतें त्यांचा डोळा बरा व्हावा अशी कोणाची अपेक्षाच नसते. तो न वांचणें हाच त्या प्रयोगाचा आधार असतो.

हें वर्णन आम्हीं वाचकांच्या अंगावर कांटा आणण्यासाठीं केलेलें नाहीं. हे प्रयोग करणारे लोक क्रूर नसतात. त्यांपैकीं पुष्कळ जण दुपारपर्यंत रोग्यांचे डोळे वांचविण्यांत गढलेले असतात. म्हणूनच प्रश्न अवघड होतो. दुष्टाच्या हातून घडलेल्या हिंसेचा विचार करण्यास नीतिशास्त्राची गरज पडत नाहीं. सज्जनाच्या हातून, चांगल्या हेतूनें, विचारपूर्वक घडलेल्या हिंसेचा विचार करण्यास ती पडते.

या प्रयोगांचें नेहमींचें समर्थन हिशेबाचें आहे. थोडे ससे एका पारड्यांत, अनेक माणसांचे डोळे दुसऱ्यांत. पारडें कोणत्या बाजूस झुकतें तें उघड आहे. या हिशेबाला आमची पहिली हरकत अशी कीं, ज्याची तो गणना करतो त्यांपैकीं एकासच आपलें म्हणणें मांडतां येतें. लॅसिक करून घेणारा मनुष्य कागदावर सही करतो. त्याला धोका समजावून सांगितलेला असतो, आणि नको असल्यास तो उठून घरीं जाऊं शकतो. सशाची सही कोणी घेत नाहीं. जेरेमी बेंथॅम या इंग्रज तत्त्ववेत्त्यानें १७८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत हा मुद्दा उपस्थित केला होता. प्राण्यास बुद्धि आहे कीं नाहीं, वाचा आहे कीं नाहीं, हा प्रश्न गौण असून त्यास दुःख होतें कीं नाहीं हाच खरा प्रश्न आहे, असें त्याचें प्रतिपादन होतें. गंमत अशी कीं, हिशेबाच्या नीतीचा आद्य आचार्यहि तोच. म्हणजे हिशेब मांडणाऱ्यानेंच सशास वगळूं नका म्हणून बजावलें, आणि त्याच्या अनुयायांनीं हिशेब तेवढा ठेवला.

दुसरी हरकत अधिक खोल आहे. गरज आणि सोय यांत भेद आहे. बुडणाऱ्या माणसानें दुसऱ्याची होडी ओढून घेतली तर आपण त्यास क्षमा करतों. पण नदीपलीकडच्या जत्रेस वेळेवर पोंचावें म्हणून कोणी ती ओढून घेतली तर आपण त्यास चोर म्हणतों. होडी तीच, ओढणें तेंच. पण कृत्य एक नव्हे. लॅसिकचा बहुतेक रोगी मुळांत रोगीच नसतो. त्याचा डोळा निरोगी असतो, आणि दोन भिंगांच्या साह्यानें त्यास उत्तम दिसत असतें. आपखुषीनें पत्करलेल्या शस्त्रक्रियेंतून जो विरळा धोका उद्भवतो त्याच्या निवारणासाठीं ज्यानें कांहींच पत्करलेलें नाहीं त्या प्राण्याचा डोळा खर्ची घालणें, हें त्या जत्रेच्या होडीसारखें दिसतें.

दिसतें, असें आम्ही जाणूनबुजून म्हणतों. कारण विरुद्ध पक्षाजवळ या ठिकाणीं खरें बळ आहे, आणि तें लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. एक तर, ज्याच्या डोळ्यांत जंतु शिरला तो त्या क्षणापासून जत्रेचा प्रवासी राहत नाहीं, तो बुडणारा मनुष्य होतो. त्यानें चष्मा काढण्याची हौस केली म्हणून त्याचा डोळा जाऊं द्यावा, असें कोणताहि वैद्य म्हणणार नाहीं, आणि म्हणूंहि नये. दुसरें असें कीं, ज्ञान जेथें जन्मतें तेथेंच तें राहत नाहीं. पारपटलाचा व्रण हा श्रीमंतांच्या शस्त्रक्रियागृहांतला रोग नव्हे. आपल्या देशांत तो मुख्यतः शेतांतला रोग आहे: भाताचें पातें लागतें, मळणीचा कण उडतो, आणि आठवड्याभरांत बुबुळ पांढरें होतें. तमिळनाडूंतील मदुरै जिल्ह्यांत १९९३ सालच्या नोंदींवरून केलेल्या अभ्यासांत दर लाख वस्तीमागें वर्षास ११३ लोकांस असा व्रण होतो असें आढळलें. या माणसांनीं कोणतीहि हौस केलेली नव्हती. सशाच्या डोळ्यावर कसास लागलेलें एखादें औषध उद्यां त्यांच्या डोळ्यांत पडूं शकतें. मग त्या प्रयोगास निव्वळ चैनीची हिंसा कसें म्हणावें?

हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यांतून निघणारें अनुमान मान्य नाहीं. शेतकऱ्याच्या नांवावर प्रयोगाचें समर्थन करावयाचें असेल तर प्रयोगहि शेतकऱ्याचा प्रश्न घेऊनच झाला पाहिजे. गरिबाचें नांव पुढें करून सुखवस्तूंच्या सोयीची सामग्री गोळा करणें ही रीति नवी नाहीं, आणि चांगलीहि नाहीं. शिवाय शेतकऱ्याचा डोळा वांचविण्यास नेहमीं नवा ससाच लागतो असें नाहीं. नेपाळांतील भक्तपूर येथील एक काम २००१ सालीं प्रसिद्ध झालें आहे. तेथें गांवोगांवच्या स्वयंसेवकांस डोळ्यावरचा ओरखडा ओळखण्यास शिकविलें, आणि ओरखडा उठलेल्यांच्या डोळ्यांत क्लोरॅम्फेनिकॉल या जुन्या व स्वस्त औषधाचें मलम घातलें. वेळेवर आलेल्या बहुतेक सर्वांचे डोळे व्रण न होतां बरे झाले. येथें उणीव औषधाची नव्हती, औषध घेऊन दाराशीं जाणाऱ्या माणसाची होती. ही दुसरी उणीव सशाच्या डोळ्यांत कितीहि शोधली तरी भरून निघत नाहीं.

आतां आणखी एका गोष्टीकडे वळूं. ससा माणसाच्या वतीनें साक्ष देतो असें धरून हा सर्व व्यवहार चालतो. पण साक्षीदार कितपत खात्रीचा आहे हें पाहणें न्यायाधीशाचें पहिलें काम असतें. सशाचें पारपटल माणसाच्या पटलापेक्षां पातळ असतें. त्यास तिसरी पापणी असते, जी आपल्यास नाहीं. माणूस मिनिटांत दहा-पंधरा वेळां डोळे मिचकावतो, तर ससा तासाभरांत थोडेच वेळां. म्हणजे जंतु धुऊन टाकण्याची व औषध वाहून जाण्याची गति दोघांत सारखी असणें शक्य नाहीं. उंदरांत तर आणखी नवल आहे. एकाच जंतूनें दूषित केलेलें पारपटल एका जातीच्या उंदरांत फुटून जातें आणि दुसऱ्या जातीच्या उंदरांत बरें होतें. मग माणूस यांपैकीं कोणत्या उंदरासारखा, हें उंदीर सांगत नाहीं.

ही शंका पोकळ नाहीं, हें चष्म्याच्या नंबरावरील शस्त्रक्रियेच्याच इतिहासांत दिसून आलें आहे. जपानांतील त्सुतोमु सातो यांनीं १९४० नंतरच्या दशकांत पारपटलावर आंतून व बाहेरून छेद घेऊन ऱ्हस्वदृष्टीचा दोष घालविण्याची रीति चालविली. या रीतीचे प्रयोग सशांवरहि झाले होते. पटलाच्या आंतल्या बाजूस पेशींचा एक नाजुक थर असतो. तो पटलांतील पाणी बाहेर टाकीत राहतो, म्हणून पटल पारदर्शक राहतें. सशाच्या डोळ्यांत त्या पेशी नाश पावल्या तर पुन्हां वाढतात; प्रौढ माणसाच्या डोळ्यांत त्या जवळजवळ वाढतच नाहींत. शस्त्रक्रियेनंतर प्रथम सर्व ठीक दिसलें, आणि पुष्कळ वर्षांनीं त्यांतल्या अनेक रोग्यांचीं पटलें पाण्यानें फुगून धुरकट झालीं. ससा खोटें बोलला नव्हता. तो सशाविषयीं खरें बोलला होता. त्याचें बोलणें माणसाविषयींचें आहे असें समजणें, ही चूक माणसाची होती. अशा साक्षीच्या भरंवशावर जेव्हां प्राणी मारला जातो, तेव्हां त्यास दुहेरी अन्याय होतो: त्याचा जीव जातो, आणि तो ज्यासाठीं गेला तेंहि साधत नाहीं.

तरीहि आम्ही असें म्हणत नाहीं कीं, सशाची साक्ष नेहमीं निरुपयोगी असते. एखादें औषध पापुद्र्याखालीं पोंचतें कीं नाहीं, जंतूंची संख्या किती दिवसांत उतरते, पापुद्रा उचलून धुतल्यानें फायदा होतो काय, असल्या मर्यादित प्रश्नांस ससा बऱ्यापैकीं उत्तर देतो, आणि त्या उत्तरानें कोणाची तरी दृष्टि वांचते. उपयोग आहे, आणि दुःखहि आहे. मग निर्णय काय?

येथें आमच्या जुन्या शास्त्रकारांचा एक वाद आठवतो. यज्ञांत पशु मारण्यास दोष आहे कीं नाहीं, हा तो वाद. मीमांसकांचें म्हणणें असें कीं, हिंसा करूं नये हा सामान्य नियम, आणि यज्ञांत पशु मारावा हें विशेष वचन. विशेषानें सामान्याचा बाध होतो, म्हणून यज्ञांतील हिंसा निर्दोष. सांख्यांस हें पटलें नाहीं. सांख्यकारिकांवरील आपल्या टीकेंत वाचस्पतिमिश्रांनीं असा युक्तिवाद केला आहे कीं, या दोन वचनांत मुळीं विरोधच नाहीं. एक सांगतें कीं हिंसेनें करणाऱ्यास दोष लागतो. दुसरें सांगतें कीं ती यज्ञास उपकारक होते. दोन्हीं गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात. यज्ञ सिद्ध होतो, आणि दोषहि लागतो.

प्रस्तुत प्रश्नावर सांख्यांचाच पक्ष बरोबर आहे असें आमचें मत आहे. आजचा यज्ञ प्रयोगशाळेंत होतो, आणि आजची मीमांसा समित्यांच्या मंजुरीच्या कागदावर असते. मंजुरी मिळाली, भूल दिली, नियम पाळले, उपयुक्त निष्कर्ष निघाला, म्हणजे कृत्य धुऊन निघालें अशी समजूत सहज होऊन बसते. ती खोटी आहे. उपयोगानें दोष पुसला जात नाहीं. दोष आहे म्हणून उपयोगहि खोटा ठरत नाहीं. दोन्हीं शेजारीं शेजारीं राहतात, आणि जो शिल्लक राहतो त्या दोषाचें आपण काय करतों यांत आपली नीतिमत्ता दिसून येते. ज्यानें एक नाकारलें त्याचें काम सोपें होतें: सशास वस्तु मानणाऱ्याला कांहीं वाटेनासें होतें, आणि सर्व प्रयोग पाप म्हणणाऱ्याला रोग्याच्या खाटेजवळ उभें राहावें लागत नाहीं. आम्हांस दोन्हीं सोपेपणांची भीति वाटते.

या दुसऱ्या पक्षाचें, म्हणजे संपूर्ण अहिंसेचें, वजन महाराष्ट्रांत तरी कोणी कमी लेखूं नये. मराठी गद्याच्या आरंभींच एक ससा आहे. म्हाइंभटांनीं संकलित केलेल्या लीळाचरित्रांत अशी कथा आहे कीं, पारध्यांनीं व त्यांच्या कुत्र्यांनीं पाठलाग केलेला एक ससा धांवत येऊन श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखालीं लपला. पारधी ससा मागूं लागले. स्वामींनीं शरण आलेल्यास देण्याचें नाकारलें, त्यांची समजूत घातली, आणि ते गेल्यावर मांडी उचलून सशास मोकळें केलें. तेराव्या शतकांतील त्या पारध्यांस निदान भूक तरी होती. आमच्यापुढें ती सबबहि नाहीं. या कथेनें प्रयोगशाळेचा प्रश्न सुटतो असें आम्ही म्हणत नाहीं, कारण स्वामींच्या दुसऱ्या मांडीखालीं आंधळें होऊं घातलेलें मूल बसलेलें नव्हतें. परंतु नकार देण्याचा अधिकार मनुष्यास आहे, आणि ससा ‘मिळण्यासारखा’ आहे म्हणून तो घेतलाच पाहिजे असें नाहीं, एवढें तर ती शिकवितेच.

‘ताटांत मांस वाढून घेणाऱ्यांनीं सशाचा कळवळा दाखवूं नये’ असा टोमणा या ठिकाणीं कोणी मारील. टोमणा योग्य ठिकाणीं लागतो. पण त्यांतून निष्पन्न होतें तें एवढेंच कीं, आपल्या हातून आणखीहि दोष घडतात. एक कर्ज फेडलें नाहीं म्हणून दुसरें बुडवावें, असा न्याय कोणत्याहि पेढीवर चालत नाहीं.

कायद्यानें या बाबतींत कांहीं पावलें टाकलीं आहेत. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनीं १९५३ सालीं राज्यसभेंत प्राण्यांच्या छळाविरुद्ध विधेयक आणलें. त्यांतून पुढें १९६० सालचा कायदा झाला. त्याच्या सतराव्या कलमांत प्रयोगांविषयीं कांहीं तत्त्वें घालून दिलीं आहेत: पुस्तकें, नमुने, चित्रपट यांवर भागत असेल तेथें प्रयोग टाळावा, केवळ हात बसण्यासाठीं प्रयोग करूं नये, आणि लहान प्राण्यावर काम होत असेल तर मोठा घेऊं नये. हात बसण्याविषयींचें तत्त्व आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतानें शिष्यांस छेदनाचा अभ्यास भोपळा, कलिंगड, काकडी यांवर आणि मेलेल्या जनावरांच्या मूत्राशयांवर करावयास सांगितला आहे. पण लहान-मोठ्याच्या तत्त्वापाशीं आम्ही थबकतों. त्या कलमांत ससा हा लहानांच्या यादींत नांवानिशीं आहे. व्रणाची आग शरीराच्या आकारावर ठरते असें कोणी सिद्ध केलेलें नाहीं. लहान प्राणी स्वस्त असतो, हातांत मावतो आणि फारसा ओरडत नाहीं, एवढेंच खरें. जो मुकाट्यानें सोसतो त्याच्याच वांट्यास सोसणें येतें, हा व्यवहार घरांत आणि समाजांतहि आपल्या ओळखीचा आहे.

तेव्हां शिल्लक राहिलेल्या दोषाचें करावें काय? आमच्या धर्मशास्त्रानें गृहस्थाच्या घरांतील पांच वधस्थानें सांगितलीं आहेत: चूल, जातें, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या ठिकाणीं बारीकसारीक जीव मरणारच, हें शास्त्रकारांनीं जाणलें. म्हणून त्यांनीं चूल बंद करा असें सांगितलें नाहीं, आणि त्यांत पाप नाहीं असेंहि सांगितलें नाहीं. त्यांनीं रोजची परतफेड सांगितली. प्रयोगशाळा हें आमच्या सुधारलेल्या घराचें सहावें वधस्थान आहे. त्याची परतफेड फुलें वाहून होणार नाहीं. ती कामांतच झाली पाहिजे.

पहिली परतफेड प्रश्नाच्या निवडींत आहे. उत्तर कांहींहि आलें तरी ज्यानें वैद्याच्या हातांतलें औषध बदलणार नाहीं, त्या प्रश्नासाठीं एकहि ससा घेऊं नये. पूर्वीं लागलेल्या शोधाची उजळणी करून आणखी एक निबंध छापविणें ही परतफेड नव्हे, नवें कर्ज आहे. दुसरी पर्यायांच्या शोधांत आहे. रसेल आणि बर्च या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं १९५९ सालींच प्रतिस्थापन, घट आणि सौम्यता अशीं तीन सूत्रें सांगून ठेविलीं आहेत. खाटिकखान्यांतून आणलेल्या डोळ्यांचीं पारपटलें, किंवा नेत्रदानांत मिळालेलीं पण रोपणास न चालणारीं मानवी पटलें, पोषक द्रवांत कांहीं दिवस टिकवून त्यांवर जंतु व औषधें यांची परीक्षा करतां येते. सर्व प्रश्न तेथें सुटत नाहींत, कारण त्या पटलांत रक्ताची व अश्रूंची ये-जा नसते. पण पुष्कळ सुटतात. अमेरिकेनें २०२२ सालच्या डिसेंबरांत आणि भारतानें २०२३ सालच्या मार्चांत औषध-परीक्षेसाठीं प्राण्यांखेरीज इतर पद्धतींस कायद्यानें मोकळीक दिली. वाट मोकळी झाली आहे. चालणाऱ्यांची इच्छा हवी. तिसरी परतफेड अपयश छापण्यांत आहे. जो प्रयोग फसला तो कपाटांत राहिला म्हणजे दुसऱ्या देशांत तोच प्रयोग नव्या सशांवर होतो. फसलेल्या प्रयोगाची हकीकत सांगणें हें त्या सशांचें एकमेव श्राद्ध आहे.

आणि चौथी परतफेड आमच्या घरांत आहे, शास्त्रज्ञांच्या नव्हे. संसर्गाचे पुष्कळ प्रसंग अशुद्ध पाणी, नीट निर्जंतुक न केलेलीं हत्यारें आणि रोग्याची हयगय यांतून उद्भवतात. शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांत नळाचें पाणी जाऊं देऊं नये, डोळा चोळूं नये, थेंब वेळेवर व ठरलेल्या मुदतीपर्यंत घालावे, दुखलें किंवा अंधुक दिसलें कीं त्याच दिवशीं वैद्याकडे जावें, हे नियम कंटाळवाणे आहेत. पण जो नियम माणसास पाळवत नाहीं त्याची भरपाई सशाच्या डोळ्यांत शोधणें हा उघड अन्याय आहे. त्याहूनहि अलीकडची गोष्ट अशी कीं, मुलीचा चष्मा हा उणेपणा समजणें आपण सोडलें, तर या शस्त्रक्रियांपैकीं कांहींची गरजच उरणार नाहीं. ज्यास धंद्यासाठीं, खेळासाठीं किंवा स्वतःच्या समाधानासाठीं ती करावयाची असेल त्यानें ती अवश्य करावी. पण पाहुण्यांनीं नाक मुरडलें म्हणून निरोगी डोळ्यावर शस्त्र धरावें, आणि त्या शस्त्राच्या सुरक्षिततेसाठीं कोठें तरी सशांच्या रांगा लागाव्या, या साखळीची पहिली कडी कोणाच्या हातांत आहे हें प्रत्येक घरानें आपलें आपण पाहावें.

आम्हांस शास्त्र थांबवावयाचें नाहीं. ज्यानें एकदां पारपटलावरील व्रणाची वेदना जवळून पाहिली आहे तो शास्त्र थांबवा असें म्हणूं शकणार नाहीं. पण त्या वेदनेसच आम्ही येथें साक्षीस बोलावतों. ती वेदना माणसाच्या डोळ्यांत इतकी असह्य आहे म्हणूनच तिच्यावर उपाय शोधावयास आपण निघालों; आणि ती असह्य आहे हें ज्यास कळलें, त्यास ती सशाच्या डोळ्यांत सह्य होते असें मानण्याचा अधिकार उरत नाहीं. घेणें कधीं अपरिहार्य असेल, पण घेतलें तें फुकट मिळालें असें मानणें कधींच अपरिहार्य नसतें.